चांदणी पडव्यानंतरची स्वच्छ नळी

सुरतेत माणसाचं रक्त वर्षातून एकदा पांढरं होतं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी इथं चांदणी पडवा असतो आणि त्या दिवशी अख्खं शहर घारी खातं. घारी म्हणजे मावा आणि सुका मेवा पुरीत कोंबायचा, ती पुरी तुपात तळायची, आणि एवढ्यानंही जीव निवला नाही म्हणून वरून पुन्हा तुपाचा जाड थर थापायचा. एक घारी खाऊन उठला तो सुरती नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच मंडळी माझ्यासमोर बाही वर करून बसत आणि शपथेवर सांगत, "बेन, उपाशी पोटी आलोय."

मी सुरतेच्या उधना भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं काम केलं. माहेर अमळनेरचं, नवरा जवळच्या सचिन गावातल्या कापड मिलमध्ये. माझं नाव मंदा, पण गल्लीत मला 'लोहीवाली बेन' म्हणत. लोही म्हणजे रक्त. आता निवृत्त झाल्यावर कोणी मला काहीच म्हणत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं काम सोपं असतं. सुई टोचायची, रक्त नळीत घ्यायचं, गोठलं की यंत्रात घालून गरगर फिरवायचं. लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी राहतं. त्याला सिरम म्हणतात आणि बहुतेक तपासण्या त्याच्यावर होतात. माणूस उपाशी असेल तर सिरम नितळ. तूप ओरपून आला असेल तर दुधासारखं पांढरं. म्हणून पडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्टँडवर वीस-पंचवीस नळ्या दूधडेअरीसारख्या उभ्या असत आणि समोर पंचवीस सत्यवचनी उपाशी बसलेले असत.

गिऱ्हाइकांबद्दल काय सांगावं! कतारगामचे एक हिऱ्याचे शेठ होते. हिऱ्यातला केसाएवढा डाग त्यांना भिंगाशिवाय दिसे, पण स्वतःचं पोट दिसत नसे. दर तीन महिन्यांनी येत आणि माझ्या कानाशी लागून म्हणत, "बेन, जरा ओछुं लखो ने." जरा कमी लिहा ना. जणू कोलेस्टेरॉल मी माझ्या घरून आणते. चलथाणच्या साखर कारखान्यातले एक बाबू तर लघवीत साखर सापडल्यावर म्हणाले, "हमारे कारखाने की हवा में ही है." मी म्हटलं, मग मुंग्या कारखान्याला लागायला हव्यात, तुम्हाला का लागतात?

हसा, पण खरा विनोद आमच्या बाजूलाच होता. रिपोर्टच्या छापील कागदावर प्रत्येक आकड्यापुढे लिहिलेलं असतं की निरोगी माणसाचं अमुकपासून अमुकपर्यंत. आकडा या कुंपणाच्या आत असला की सगळे खूश. बाहेर गेला की डॉक्टरांचा फोन येतो, मग पेशंटचा, मग पेशंटच्या मेहुण्याचा. आमचे पॅथॉलॉजिस्ट साहेब चार लॅबमध्ये सह्या करत. आमच्याकडे दुपारी वीस मिनिटं यायचे, त्यातली दहा चहाला. उरलेल्या दहा मिनिटांत साठ रिपोर्टांवर सही. त्यांना कुंपणाबाहेरचा आकडा दिसला की सही अडायची. त्यामुळे लॅबमधला माणूस हळूहळू समजूतदार होतो. मीही झाले होते. माझी समजूत कशी नडली ते आता सांगते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमच्या लॅबमागच्या वस्तीत आत्माराम नावाचा हमाल राहायचा. धुळ्याकडचा. उधन्याच्या मागांवरून कोऱ्या कापडाचे तागे टेम्पोत चढवायचे आणि सचिनच्या मिलमध्ये उतरवायचे, हे त्याचं काम. एके दिवशी तो आणि त्याची बायको सुमन, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव वंदना. हातपाय काड्या, पोट पुढे. बाकावरून उठली आणि दोन पावलांत भिंतीला धरलं.

"ताई, रगत तपासी द्या," आत्माराम म्हणाला. "पोर उभी ऱ्हास नि पडी जास. खायेल अंगले लागत नही."

गल्लीतल्या डॉक्टरांनी छापील यादीवर वरपासून खालपर्यंत खुणा केल्या होत्या. रोग समजला नाही की ते असं करत. जाळं टाकायचं, लागेल तो मासा आपला. त्या जाळ्यात कोलेस्टेरॉलही होतं. लहान मुलीचं कोलेस्टेरॉल कशाला, असं मनाशी म्हणत मी तपासायला घेतलं. कलरीमीटर म्हणजे रंगावरून माप सांगणारं यंत्र, त्याचा काटा शून्यापासून जेमतेम हलला. हिशेब केला तर अठ्ठावीस. मुलांचंसुद्धा शंभराच्या वर असतं.

मी पुन्हा केलं. अठ्ठावीस. नवीन रसायन उघडून तिसऱ्यांदा केलं. अठ्ठावीस. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अठ्ठावीस? आ तो पाणी छे, लोही नथी! मशीन चेक करो, बेन." मशीन चेक केलं. माझं स्वतःचं रक्त लावून पाहिलं, ते एकशे नव्वद आलं. म्हणजे मशीनला काही झालं नव्हतं.

काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिथंही विचित्रच. तांबड्या पेशी गुळगुळीत, चपट्या, गोल असायला हव्यात. हिच्या पेशींना काटे होते, धोतऱ्याच्या फळासारखे. काच नीट वाळली नाही की पेशी अशा आकसतात, हे आम्हाला शिकवलेलं. मी लिहिलं, 'पेशी आकसलेल्या, काच खराब.'

आणि साहेब सहीला यायच्या आत मी पक्क्या रिपोर्टवर इंग्रजी अठ्ठाविसाच्या डावीकडे एक उभी रेघ ओढली. एकशे अठ्ठावीस. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनीही नाही. हात माझा, पेन माझं. मला वाटलं, एवढीशी पोर, हिच्या कोलेस्टेरॉलचं कुणाला पडलंय? साहेबांनी सही केली. फोन कुणाचाच आला नाही.

सगळं नॉर्मल पाहून गल्लीतले डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, जंताचं औषध द्या आणि तूप चारा. सुमननं चारलं. आत्माराम दिवसाला शंभर तागे वाहायचा, पण पोरीच्या भाकरीवर तूप पडल्याशिवाय स्वतः जेवायचा नाही. पोर तूप खाई आणि पांढरं, तेलकट शौचाला जाई. वस्तीतल्या बायका सुमनकडे बघून तोंडाला पदर लावत. ती एकदा नळावर भेटली तेव्हा रडली.

"लोके म्हंतस, माय सोता खास नि पोरले देत नही. ताई, समदं तूप तिलेच देस मी."

मी तिला म्हटलं, "होईल बरं, धीर धर." असं म्हणायला काही लागत नाही.

वर्षभरानं चांदणी पडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्माराम पुन्हा आला. वंदना आता त्याच्या खांद्यावर होती, कारण चार पावलंही धड पडत नव्हती. संध्याकाळी तिला दिसत नाही, असंही तो म्हणाला. या वेळी चिठ्ठी नवीन डॉक्टरांची होती. मुलांचे डॉक्टर, नाव नीलेशभाई, शिकून नुकतेच आलेले, त्यामुळे अजून वाचत असत. चिठ्ठीवर खुणा नव्हत्या, स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: कोलेस्टेरॉल, आणि पेशींचा आकार नीट बघावा. खाली रेघ.

"उपाशी आहे ना?" मी विचारलं.

आत्माराम मान खाली घालून म्हणाला, "शेठनी काल घारी दिधी, ताई. पोरनी दोन खाद्यात. रातभर पोट गयं."

मी कपाळावर हात मारला. पण मूल खांद्यावर घेऊन आलेल्या बापाला परत पाठवणार कसं? रक्त घेतलं. तिची नळी इतर नळ्यांबरोबर फिरवली आणि बाहेर काढून स्टँडवर लावली.

चोवीस नळ्या पांढऱ्या. एक नितळ. काचेपलीकडची भिंत दिसेल इतकी नितळ.

प्रथम वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. चिठ्ठी पाहिली: वंदना आत्माराम. दोन घाऱ्या खाल्लेली पोर, आणि तिच्या रक्तात तुपाचा एक थेंब नाही. बाकी शहर एक घास खाऊन पांढरं झालेलं. तेव्हा मला ती उभी रेघ आठवली. कोलेस्टेरॉल लावलं. सत्तावीस. काच या वेळी मी स्वतः फुंकर न घालता, नीट वाळवली. काटे होते.

साहेबांनी पाहिलं आणि या वेळी रसायनावर ढकललं, "किट बदलो." सही करायला नकार. मी कपाटातून मागच्या वर्षीची कच्ची वही काढली. तिच्यात आम्ही यंत्रावरचे आकडे जसेच्या तसे लिहितो. तिथं अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस असं तीनदा माझ्याच अक्षरात होतं. यंत्र एका दिवशी चुकेल, वर्षाच्या अंतरानं तीच चूक करणार नाही. पण ती वही दाखवायची तर पक्का रिपोर्टही दाखवावा लागणार. साहेब म्हणाले, "बेन, लॅबनुं नाम जशे." लॅबचं नाव जाईल. त्यांचं बरोबर होतं. माझंही गेलं असतं. मी वही आणि त्या रिपोर्टची लॅबमधली प्रत पदराखाली धरली आणि नीलेशभाईंच्या दवाखान्यात गेले.

त्यांनी वही आणि रिपोर्ट शेजारी ठेवले. मला बसायलाही सांगितलं नाही, ते योग्यच होतं. रिपोर्टवरच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "एक साल, बेन." मग एक जाड पुस्तक काढलं. या रोगाचं खरं कारण परदेशात नुकतंच तीन-चार वर्षांपूर्वी सापडलं होतं. नमुना त्यांनी मुंबईला पाठवला, पण त्यांना आधीच कळलं होतं. मला त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

आपली प्रत्येक पेशी म्हणजे पडद्यांची वस्ती. बाहेरचा पडदा, आत खोल्या, खोल्यांनाही पडदे. आणि हे सगळे पडदे बनतात मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे. स्निग्ध पदार्थ तयार होतात बहुतांशी एकाच कारखान्यात, पण लागतात सगळ्या खोल्यांना. मधे सगळं पाणी. तूप पाण्यातून एकटं चालत जात नाही, हे कोणत्याही गृहिणीला खरकटी कढई सांगेल. म्हणून पेशीत प्रथिनं असतात. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आठवते, पण ही प्रथिनं कामगार असतात. त्यांना आतून एक खिसा असतो, पाण्यापासून आडोसा असलेला. एका पडद्याला टेकून स्निग्धाचा एक कण खिशात घ्यायचा, पाण्यातून नेऊन दुसऱ्या पडद्यावर सोडायचा. पुढे शास्त्रज्ञांना असंही कळलं की काही ठिकाणी दोन पडदे अगदी जवळजवळ येतात आणि त्या फटीत उभं राहून प्रथिनं अलीकडचा माल पलीकडे देतात. तूप देणारी गाय असो, तूप चोरणारा उंदीर असो की तूप खाणारा सुरती शेठ, सगळ्यांच्या पेशीत हीच व्यवस्था.

आतड्याच्या पेशीतल्या एका कामगाराचं काम वेगळं आहे. खाल्लेलं तूप पेशीत आल्यावर तो ते पडद्यावरून उचलतो आणि दुसऱ्या एका मोठ्या प्रथिनावर लादतो. लादलेलं ओझं मग रक्तात जातं. म्हणून सिरम पांढरं होतं. वंदनाच्या शरीरात हा कामगार जन्मापासूनच नव्हता. आईकडून त्याच्या जनुकाची एक बिघडलेली प्रत, बापाकडून एक; त्या दोघांकडे दुसरी प्रत चांगली, म्हणून ते धडधाकट. तूप आतड्याच्या पेशीत तुंबून राहायचं, पुढे जायचंच नाही. आणि त्या तुपाच्याच पाठीवर बसून जाणारी जीवनसत्त्वं, नसांना लागणारं ई आणि डोळ्यांना लागणारं अ, तीही दारातच राहायची. पेशींना काटे का, तर त्यांच्या पडद्यातल्या स्निग्धांचं मापच बिघडलेलं. तूप चारून चारून आम्ही तिचं आतडं भरत होतो आणि नसा वाळवत होतो.

नीलेशभाईंनी आत्माराम-सुमनला बोलावून घेतलं आणि हे आत्मारामला गुजराती-हिंदीत सांगितलं. पेशी, पडदा, प्रथिन. तो मान डोलावत होता, म्हणजे काही कळत नव्हतं. मी अहिराणीत सांगायला लागले तर त्यानं मला मधेच थांबवलं.

"म्हंजे गोडाऊन भरेल शे, टेम्पो उभा शे, पन हमाल नही?"

"हो."

"मंग वरतून आखो माल टाकीसन काय फायदा?"

नीलेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढं जाड पुस्तक, आणि हमालानं चार शब्दांत संपवलं. रोगाचं लांबलचक नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, आत्मारामची ही दोन वाक्यं मात्र विसरणं शक्य नाही.

मग उपाय. तूप बंद, तेल नावापुरतं, डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्व, आणि ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस. म्हणजे घोड दोड रोडच्या श्रीमंत बायका चेहरा तुकतुकीत राहावा म्हणून ज्या गोळ्या खातात त्याच. दुकानात काचेच्या बरणीत कायम पडून असायच्या. मागच्या वर्षीही होत्या. ढीगभर डोस पोटात गेला तर त्यातलं थोडंसं वाट चुकत चुकत आत पोचतं, आणि ते थोडंसं पुरतं. वेळेवर दिलं तर पुष्कळ पुरतं.

ते 'वेळेवर' मला सांगायचं होतं. दवाखान्याच्या पायरीवर मी आत्मारामला म्हटलं, "मागच्या वर्षीच हा आकडा आला होता. मी बदलला."

त्यानं वंदनाला खांद्यावरून खाली ठेवलं. "म्हंजे तुमले तव्हयच माहीत व्हतं?"

"माहीत नव्हतं. पण दिसलं होतं."

 सुमननं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सालभर मी लोकेसना बोल ऐकात, ताई," आणि पोरीला कडेवर घेऊन चालू लागली. वस्तीतल्या बायकांना तिनं काय सांगितलं माहीत नाही, पण त्यानंतर तिच्याकडे बघून कोणी पदर तोंडाला लावला नाही. माझ्याकडे बघून लावत असतील, आणि लावावाच.

लॅबनं मला काढलं नाही. माझ्याशिवाय सही नेमकी कुठं करायची हे साहेबांना सापडलं नसतं. त्यांनी एवढंच फर्मावलं की कच्ची वही यापुढे कपाटात कुलपाखाली ठेवायची. मी ती उघड्या टेबलावर ठेवली. साहेबांना टेबलाकडे बघायला वेळ नव्हता, त्यामुळे भांडण झालं नाही.

वंदनाचे डोळे वाचले. पायांचं म्हणाल तर चालायला लागली, पण चाल थोडी डुलती राहिली. नीलेशभाई म्हणत, गेलेल्या वर्षातलं जेवढं परत यायचं तेवढं आलं. बाकीचं नाही आलं.

आत्माराम दर सहा महिन्यांनी तिला घेऊन यायचा. मी सांगितलं की औषधानं हा कोलेस्टेरॉलचा आकडा वाढणार नाही, तो असाच राहणार, उगाच सुई कशाला. तो म्हणायचा, "वाढो का नको वाढो, खरा लिखा." मग माझ्या शेजारी उभा राहून काटा थांबेपर्यंत बघायचा. त्याला वाचता येत नव्हतं. काटा कुठं थांबतो एवढं त्यानं डोळ्यांत पक्कं केलं होतं, आणि मी लिहिलेला आकडा मागच्या कागदाशी रेघ न् रेघ लावून बघायचा. पुढे कोणती रेघ जास्तीची नाही ना, हे. इतर गिऱ्हाइकं म्हणायची, हा अडाणी काय तपासतो? मी म्हणायची, मला तपासतो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात वंदना एकटीच आली. कापड मार्केटमधल्या दुकानात नोकरीला लागलेली, आता गुजरातीच बोलते. लॅबमध्ये काट्याचं यंत्र जाऊन हिरवे आकडे दाखवणारं आलं होतं. नळी नेहमीसारखी नितळ. मी ती यंत्रात लावली आणि सवयीनं पेन उचललं, कारण मला न बघताही आकडा पाठ होता.

"बेन, पहेला बतावो," ती म्हणाली. आधी दाखवा.

मी यंत्र तिच्याकडे वळवलं. डुलत दोन पावलं आली, टेबलाला धरलं, वाकून पाहिलं. अठ्ठावीस. तिनं ते पुन्हा एकदा वाचलं आणि मगच माझ्याकडे बघितलं.

"हवे लखो," म्हणाली. आता लिहा.